बहिणीच्या वकिलीसाठी वीस गुंठे विकावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यात सावळजच्या बाजूचं द्राक्षबागायतदार कुटुंब. तीन एकर बाग, वडिलांचं पीककर्ज थकलेलं. प्रश्न विचारणारा भाऊ कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. धाकटी बहीण बारावी झाली, पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली, स्कोअर बरा आहे. दरम्यान पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाने बी.ए. एलएल.बी.ला जागा देऊ केली. फी वर्षाला तीन लाख, हॉस्टेल-मेस वेगळी. पंचवीस हजार भरून जागा धरूनही ठेवली आहे. बँक म्हणते तारण आणा. वडील म्हणतात, रस्त्याकडेचे वीस गुंठे विकू, पोरगी एकदा वकील झाली की सगळं फिटेल. आता भाऊ विचारतोय की कर्ज काढावं की जमीन विकावी?

मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात बरीच वर्षं वकिली करते आणि बँकांसाठी टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीच्या मालकीचे कागद तपासण्याचं, कामही करते. त्यामुळे लॉ शिकून आलेली मुलं आणि त्यांच्या शिक्षणासाठी गहाण पडलेले कागद, दोन्ही माझ्या टेबलावर येतात. माझं उत्तर आहे, दोन्ही करू नका. तुमच्या बहिणीला महाराष्ट्रात लॉ शिकायला इतका पैसा लागतच नाही. लागतो तो नंतर, सनद म्हणजे वकिलीचा परवाना हातात पडल्यावर. त्याचा विचार तुमच्या घरात अजून कुणी केलेला दिसत नाही.

आधी फीचं बोलू. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ ला एक निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पूर्वी ही सवलत निम्मी होती. लॉ हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्यामुळे तो यात बसतो. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर तुमच्यासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासूनच आहे, वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनाही आहे.

या निर्णयातली अट नीट वाचा, कारण तुमचा सगळा प्रश्न त्या अटीत अडकलाय. प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेली जागा चालत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेच्या बाहेर आहेत. म्हणजे हीच मुलगी, हेच मार्क आणि हाच उत्पन्नाचा दाखला घेऊन कॅपमधून आली तर शिक्षण शुल्क शून्य, आणि तुम्ही धरून ठेवलेल्या जागेवर गेली तर पाच वर्षांचे पंधरा लाख. बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, सनद देताना हा फरक विचारत नाही. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, एवढंच बघतं. ती मान्यता चालू वर्षाची आहे का, हे मात्र कुठेही प्रवेश घेताना विचाराच.

कॅपमध्ये तुमच्या आवाक्यात काय आहे ते बघा. सांगलीत एन. एस. सोटी लॉ कॉलेज, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज, कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज. स्कोअर खरोखर चांगला असेल तर पुण्याचं आयएलएस, १९२४ सालचं, आणि मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, १८५५ सालचं. मुंबईच्या या सरकारी कॉलेजची फी मुळातच किरकोळ आहे, तिथे खर्च होतो तो राहण्या-खाण्याचा. पर्याय भरताना स्कोअरच्या जरा वरची कॉलेजं आधी टाका, पण सांगली-कोल्हापूर यादीत ठेवाच. "पुणे मिळालं तरच" असं म्हणून दोनच पर्याय भरणारी मुलं मी दरवर्षी बघते. कॅपमध्ये काहीच लागलं नाही की शेवटी घाबरून संस्था स्तरावरची जागा घेतात, आणि तिथेच फीमाफी हातची जाते.

भरलेले पंचवीस हजार गेले असं समजू नका. यूजीसीची २०१८ ची परतावा अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर सगळी फी परत द्यावी लागते, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून पाच टक्के आणि जास्तीत जास्त पाच हजारच कापता येतात. जसजसा उशीर कराल तसतसं परताव्याचं प्रमाण कमी होतं आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. म्हणून कॅपचा पहिला राउंड लागला की लगेच लेखी अर्ज द्या, ईमेलही करा आणि पोच जपून ठेवा. मूळ कागद अडकवून ठेवायचा कुठल्याही संस्थेला अधिकार नाही.

आता कागदांचं. योजना चांगली असली तरी माणसं कागदांत हरतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो. सेतूत आत्ताच अर्ज टाका, प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग लागते. प्रवर्गाप्रमाणे ईडब्ल्यूएसचा दाखला, किंवा जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज बारावीतच झाला नसेल तर आज करा, नुसती पावती घेऊन फार काळ निभत नाही. दहावीचं मार्कलिस्ट आणि आधारकार्ड समोरासमोर ठेवून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. एकावर "सुप्रिया" आणि दुसऱ्यावर "सुप्रीया" एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

फीमाफी आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर करतात, आणि तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. एकदा भरला की पाच वर्षं चालतो असं बऱ्याच घरांत समजतात. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, "त्रुटी" म्हणून परत येतो आणि मोबाइलवर आलेला तो मेसेज कुणी वाचत नाही. पैसे ज्या खात्याला आधार जोडलेला असतो त्यातच जातात, फॉर्मवर तुम्ही कुठलं खातं लिहिलं याने फरक पडत नाही. माझ्याकडे एक पालक शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणून तक्रार करायला आले होते. मुलीचं सातवीत असताना शाळेने उघडलेलं झिरो बॅलन्स खातं होतं, आधार त्यालाच जोडलेला होता, आणि दोन वर्षांचे पैसे तिथे निवांत पडले होते. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलाय ते बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणखी एक, ही सवलत एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते. तुम्ही आणि तुमचं दुसरं कुणी भावंड आधी हिचा लाभ घेऊन बसला असाल तर आधीच सांगून ठेवा.

फीमाफीत सगळं येत नाही. विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, अनामत असल्या रकमा भराव्या लागतात. काही ठिकाणी शिक्षण शुल्कही आधी भरून घेतात आणि "शासनाकडून आलं की परत देऊ" असं सांगतात. तसं कुणी म्हणालं तर पावतीवर शुल्काची फोड लिहून मागा. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणं बेकायदा आहे. पावती नसलेला पैसा कुणालाही देऊ नका.

आता खासगी विद्यापीठाचं कर्ज कागदावर मांडून बघू. व्याज सोयीसाठी दहा टक्के धरते. दरवर्षी तीन लाख, पाच वर्षं. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चालू असतं. पहिल्या वर्षी तीस हजार, दुसऱ्या वर्षी साठ, मग नव्वद, एक लाख वीस, पाचव्या वर्षी दीड लाख, आणि पदवीनंतरच्या वर्षाचे आणखी दीड लाख. बेरीज सहा लाख. म्हणजे ज्या दिवशी पहिला हप्ता सुरू होईल त्या दिवशी तुमच्या बहिणीच्या डोक्यावर एकवीस लाख असतील, आणि पंधरा वर्षांच्या मुदतीने हप्ता महिन्याला साडेबावीस हजार. यात हॉस्टेल नाही, मेस नाही, दिवाळीला घरी येण्याचं तिकीट नाही.

हा हप्ता सुरू होईल तेव्हा ती कुठे असेल? वडील म्हणतात "वकील झाली की फिटेल." काका, वकील झाल्यावर पहिली काही वर्षं फिटत नाही. सनद घेऊन मुलगी कोर्टात येते ती कुणातरी सिनियरकडे उमेदवारीला. तारखा घ्यायच्या, मुदतीचे अर्ज लिहायचे, नकलांसाठी हेलपाटे घालायचे, सिनियरच्या मागे उभं राहून उलटतपास ऐकायचा. पहिल्या वर्षी प्रवासखर्च सुटला तरी बरं अशी अवस्था असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं असं सुचवलंय. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या कोर्टात स्वतः सिनियरचीच मिळकत हंगामी असते. मी माझ्या ज्युनिअरना पहिल्या महिन्यापासून पैसे देते आणि प्रत्येक सिनियरने द्यावेत असं मला मनापासून वाटतं. तरीही साडेबावीस हजारांचा हप्ता त्यातून भरता येणार नाही.

मग ती नोकरी करत वकिली करेल? बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर सनद स्थगित करून घ्यावी लागते. शिकताना नोकरी करेल म्हणाल, तर तेही नाही. नियमित एलएल.बी. करताना परवानगीशिवाय नोकरी नाही, हजेरी सत्तर टक्के लागते, आणि २०२४ पासून तसं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. न्यायाधीश होईल म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची प्रत्यक्ष वकिली पुन्हा बंधनकारक केली आहे. पदवी झाल्या झाल्या परीक्षा देऊन पगार चालू, तो रस्ता बंद झाला. म्हणून लॉचा हिशेब पाच वर्षांचा मांडू नका. पाच वर्षं शिक्षणाची आणि तीन उमेदवारीची, असा आठ वर्षांचा मांडा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. जत तालुक्यातून आलेला एक मुलगा माझ्याकडे ज्युनिअर होता. मुद्दे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दिवाणी दावा वाचला की कैफियतीतली कच्ची जागा त्याला बरोबर सापडायची. खासगी विद्यापीठात शिकला होता, हप्ता चौदा हजारांचा. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापला जायचा आणि तीन-चार तारखेपासून त्याचं कामात लक्ष नसायचं. वडिलांना फोन, मित्रांना फोन, कधी कोर्टातून लवकर निघणं. वर्षभराने त्याने सनद स्थगित केली आणि पुण्यात एका फायनान्स कंपनीच्या वसुली विभागात लागला. आज त्याचा पगार चांगला आहे, हप्ता वेळेवर जातो. पण ज्या कामासाठी तो पाच वर्षं शिकला ते काम तो करत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तो उत्तम वकील झाला असता.

कंपनीत लीगलला जायचं, मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असं तुमच्या बहिणीचं पक्कं असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. क्लॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फी तिथेही लाखांत आहे, पण कर्ज काढायचंच तर तिथे त्याला अर्थ असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर बिनतारण, बिनजामीन कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याज सवलत आहे. व्यवस्थापन कोटा यातही चालत नाही. कुठल्याही कॉलेजचं नाव यादीत आहे का हे प्रवेशाआधी विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघायचं, प्रवेश देणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही.

बँकेने तारण का मागितलं ते आता समजेल. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. साडेसात लाखांपर्यंत शासनाची पतहमी योजना आहे. त्याच्या वर मात्र बँक तारण मागतेच, आणि तुम्ही पंधरा लाख मागितले. "आमची तीन एकर बाग आहे की" असं वडील म्हणाले असतील. पण अशा कर्जाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. सरफेसी हा बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा, त्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवर त्या कायद्याखाली जप्ती-विक्री करता येत नाही, म्हणून बँकेच्या लेखी ते तारण कच्चं. त्यांना बिनशेती प्लॉट किंवा टायटल स्वच्छ असलेलं घर लागतं. गावठाणातल्या घराला बहुतेक वेळा घरपट्टीच्या उताऱ्यापलीकडे कागद नसतो, तिथेही अडतं. तीस-चाळीस लाखांची बाग असलेला शेतकरी बँकेत बिनतारणी ठरतो तो असा.

दुसरी अडचण थकलेलं पीककर्ज. वडील सहकर्जदार होणार, म्हणून बँक सोसायटीचा बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा, दाखला मागते आणि सिबिल काढते. कर्जमाफी येईल म्हणून हप्ता थांबवलेली शेकडो घरं आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि त्याची झळ मुलांच्या शैक्षणिक कर्जाला बसते. बेदाण्याचे पैसे आले की आधी ते पीककर्ज नवं-जुनं करून नियमित करा. बहिणीच्या शिक्षणासाठी तुमच्या घरात करण्यासारखं यापेक्षा मोठं काम मला दिसत नाही. तोवर सहकर्जदार म्हणून तुम्ही स्वतः राहू शकता का ते बँकेला विचारा, तुमची पगाराची स्लिप आहे. फक्त एक लक्षात ठेवा. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी मिळते, बहिणीसाठी भावाला मिळत नाही. आणि जुन्या करप्रणालीतच मिळते.

कॅपमधून गेल्यावर कर्ज लागेलच असं नाही. लागलं तर ते चार लाखांच्या आत बसवा. समजा राहण्या-खाण्यासह वर्षाला पन्नास हजार उचलले. पाच वर्षांत अडीच लाख, वरच्यासारखंच व्याज धरून साडेतीन लाख, आणि दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता साडेचार हजारांच्या थोडा वर. हा हप्ता ज्युनिअर वकील भरू शकते. शिकत असतानाच तुम्ही दरमहा व्याज भरत गेलात तर ते लाखभर रुपये साठतच नाहीत, शिवाय बऱ्याच बँका व्याजदरात एक टक्का सूट देतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला चारशे-साडेचारशे रुपये असतं. बँकेने या छोट्या कर्जालाही तारण मागितलं किंवा तोंडी "होत नाही" म्हटलं तर लेखी नकार मागा. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय शैक्षणिक कर्जाचा अर्ज शाखेला नाकारता येत नाही. त्याउपर सांगली जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. तिच्या जिल्हा अग्रणी व्यवस्थापकाकडे अर्ज द्या. लेखी अर्जाने कामं होतात, हा माझा अनुभव आहे.

फी भरायची वेळ पावसाळ्यात येते आणि आपल्याकडे पैसा येतो माल विकल्यावर. या मधल्या तीन-चार महिन्यांसाठी घरातलं सोनं बँकेत ठेवलं तर हरकत नाही. ते खासगी सावकाराकडे किंवा जादा व्याजाच्या पतसंस्थेत ठेवू नका, आणि पाच वर्षांच्या फीसाठी तर सोनेतारण अजिबात नको. शैक्षणिक कर्जाला सवलतीचा काळ असतो, सोन्याला नसतो.

आता वीस गुंठ्यांबद्दल, वकील म्हणून. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्यात तुमच्याइतकाच तुमच्या बहिणीचा हक्क जन्मापासून आहे. महाराष्ट्राने अविवाहित मुलींना हा हक्क १९९४ मध्येच दिला, केंद्राची दुरुस्ती २००५ ची, आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये उरलीसुरली शंकाही मिटवली. म्हणजे तिच्या शिक्षणासाठी जमीन विकली तर त्यात तिचाही हिस्सा जातोय. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे काय होतं ते मी खूप घरांत पाहिलंय. मुलीचं शिक्षण होतं, लग्न ठरतं, आणि कुणीतरी म्हणतं, "तुला एवढं शिकवलं, आता हक्कसोडपत्रावर सही कर." तलाठ्याकडे, निबंधक कार्यालयात मुली मान खाली घालून सही करताना मी बघते. शिक्षण हा तिचा हक्क आहे आणि जमिनीतला हिस्सा हाही तिचा हक्क आहे. एकाचा मोबदला म्हणून दुसरा मागू नका. तुम्ही बहिणीसाठी इतकं विचारताय म्हणून तुमच्याकडून ही अपेक्षा ठेवते. वीस गुंठे राहू द्या, रस्त्याकडेची जमीन परत विकत मिळत नाही.

बाकीचे खर्च लहान आहेत, पण माहीत असलेले बरे. पुस्तकं जुनी घ्यायला हरकत नाही. करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता वरच्या वर्गातल्या मुलांकडून निम्म्या किमतीत मिळतात. फौजदारीची मात्र नवीच घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत. दंड संहितेची जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात म्हणून मुलं उचलतात आणि कलमांचे आकडेच चुकीचे पाठ करून बसतात. सांगलीत राहून शिकली तर एसटीचा विद्यार्थी पास आहे, आणि एरवीही २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं आहे.

सनदीची फी हल्ली फार नाही. काही राज्यांच्या बार कौन्सिल हजारोंनी घ्यायच्या, ओडिशात तर बेचाळीस हजारांच्या वर. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालात सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क आणि ऑल इंडिया बार परीक्षेची फी वेगळी. काळा कोट आणि बँड लागतात, गाऊन जिल्हा न्यायालयात ऐच्छिक आहे, पहिल्या दिवशीच घेऊ नका. उच्च न्यायालयात काम शिकायचं तर पूर्वी मुंबईत खोली घ्यावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच चालू झालंय, सांगली-सातारा त्याच्याच अखत्यारीत येतात. सांगलीतून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तुमच्या बहिणीची सनद होईपर्यंत इथल्या तरुण वकिलांना याचा फार उपयोग झालेला असेल.

राहिला उमेदवारीचा काळ. जे पैसे तुम्ही पुण्याच्या फीत घालणार होता त्यातला अगदी थोडा भाग इकडे वळवा. पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना तीन हजारांची सुरू करा, बहिणीच्या नावाने. पाच वर्षांत भरणा एक लाख ऐंशी हजार होतो, व्याज धरून दोन लाखांच्या वर जातो. पदवीनंतरची तीन वर्षं तिला त्यातून महिन्याला साडेपाच-सहा हजार मिळत राहतील, सिनियर देतील ते वेगळे. तेवढ्यावर खोलीचं भाडं, बसचा पास आणि मेस भागते, आणि पाच तारखेला तिला कुणाला फोन करावा लागत नाही.